एक टक्का आणि दैवशालाबाई

आमचं सोनपेठचं घर बघायला रामप्रसाद पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन बायका होत्या. एक त्याची बायको, शिवकन्या. तिनं आल्या आल्या स्वयंपाकघर गाठलं, ओट्याची उंची स्वतःच्या कमरेशी लावून बघितली, नळ सोडला, बंद केला, कपाटाची दारं उघडून आत नाक घालून वास घेतला. दुसरी बाई चपला काढून बैठकीच्या दाराशी जी बसली, ती उठलीच नाही. पंचेचाळिशीची असेल. कपाळ मोकळं, हात मोकळे. मी आत या म्हटलं तर म्हणाली, "हितं बरंय."

ही रामप्रसादची थोरली भावजय, दैवशालाबाई. पुढं दोन महिन्यांनी आमचं घर तिच्या नावावर झालं. त्या दिवशी हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. ती फक्त चहाची बशी दोन्ही हातांनी धरून अंगणातल्या टाकीकडं बघत होती.

सासऱ्यांनी शहाण्णव साली बांधलेलं ते स्लॅबचं घर. तीन खोल्या, बाहेरून जिना, जिन्याखाली सरपणाची अंधारी खोली, मागं बोअर. सासरे गेले, सासूबाई परभणीला आमच्याकडं आल्या आणि घर तीन वर्षं कुलपात राहिलं. मी महिन्यातून एकदा एसटीनं जाऊन झाडून यायची. दर खेपेला तेवढीच धूळ, तेवढीच पाल. शेवटी यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, विकायचं ठरवलं. मी हो म्हटलं. घर विकताना बायकांना रडू येतं असं ऐकलं होतं, मी वाट बघितली, आलं नाही.

रामप्रसाद ऊसतोडीचा मुकादम. सोनपेठपासून चौदा किलोमीटरवरचं त्याचं गाव. दिवाळी झाली की टोळी घेऊन कारखान्यावर जायचा, उन्हाळ्यात परत. आता मुलाच्या शाळेसाठी त्याला तालुक्याला घर हवं होतं. माणूस सरळ. भाव करताना त्यानं घरातला एकही दोष उगाच काढला नाही. अठ्ठावीस लाखांवर दोघांचं जमलं, इसार झाला, आणि खरेदीखताचा मसुदा करायला आम्ही दिनकररावांकडं गेलो.

दिनकरराव दस्तलेखक, तहसीलच्या समोर त्यांचं टेबल. सगळ्या तालुक्याच्या भाऊबंदक्या त्यांच्या कपाटात आहेत. त्यांनी चष्मा वर सारून रामप्रसादला समजावलं की घराची किंमत यांना द्यायची ती वेगळी आणि घेणाऱ्यानं सरकारला भरायचं मुद्रांक शुल्क वेगळं. ते घेणाऱ्याच्याच डोक्यावर, विकणाऱ्याचा संबंध नाही. आकडा ऐकून रामप्रसादचं तोंड उतरलं. घर घेण्यासाठी पैसे लागतात हे त्याला कळत होतं, घर घेतलं म्हणून पैसे लागतात हे पटत नव्हतं. त्याचं ते तोंड बघून दिनकरराव म्हणाले, की बाईच्या एकटीच्या नावानं घेतलं तर एक टक्का सूट आहे. म्हणजे अठ्ठावीस हजार.

"अठ्ठावीस हजारात वरची टाकी, मोटार आन् रंग होतोय," रामप्रसाद म्हणाला.

"मग मंडळींचं नाव घालू?"

बाहेर एक जीप उभी होती, तो तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, शिवकन्याचे दोन भाऊ लय हुशार हायत, त्यांच्या कानावर बहिणीच्या नावचं घर गेलं की उद्या बसतील येऊन. आई तर त्याची केव्हाच गेलेली. आणि मग तो सहज, एखाद्याला रस्ता सांगावा तसा म्हणाला,

"वयनीच्या नावानं करू. तिच्या मागं कोन हाय?"

दिनकररावांनी पेन खाली ठेवलं. डोकं चालवलंस म्हणाले. पण त्यांनी एक खाच दाखवली. वयनीचं काही बरंवाईट झालं आणि कागद नसला, तर ते घर तिच्या नवऱ्याच्या वारसांना जाईल, म्हणजे रामप्रसादच्या दोघी बहिणी वाटेकरी होतील. तेव्हा खरेदीखत ज्या दिवशी, त्याच दिवशी दैवशालाबाईंचं मृत्युपत्र रामप्रसादच्या मुलाच्या नावानं करून टाकायचं. दोन्ही एकाच टोकनात. रामप्रसाद हो म्हणाला.

मी शेजारच्या खुर्चीवर होते. मला ते ऐकून धक्का बसला असं म्हटलं तर खोटं होईल. मला वाटलं, बरं, एक अडचण सुटली. आम्हालाही पैसे हवे होते.

रामप्रसाद वाईट माणूस नव्हता, हे मी पुन्हा लिहिते, कारण पुढचं वाचून तसं वाटू शकतं. नऊ वर्षं भावाच्या माघारी त्यानं भावजयीला घरात ठेवलं होतं. दिवाळीला शिवकन्येला जे लुगडं, तेच तिला. तिच्यावर त्यानं आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. फक्त तिला काही विचारायचं असतं, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि तीही कधी कुठं अडून बसली नव्हती.

घर रिकामं करायला मी दोन दिवस सोनपेठला राहिले. मदतीला म्हणून रामप्रसादनं दैवशालाबाईंना पाठवलं. त्या सकाळच्या गाडीनं आल्या, पदर खोचला आणि विचारलं, "ताई, आधी काय?" बस, त्यानंतर दुपारपर्यंत शब्द नाही. काम मात्र असं, की मी एक भांडं कागदात गुंडाळीपर्यंत त्यांची तीन झालेली. त्यांना हाक मारली की त्या थोड्या उशिरानं वळायच्या. गावात लोक त्यांना बधिर म्हणतात असं शिवकन्येनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. ऐकायला चांगलं येत होतं त्यांना. त्यांना हाक मारायची फारशी वेळ कुणावर येत नसे, एवढंच.

जेवताना थोडं थोडं बोलल्या. लग्न झालं त्या वर्षीच राधाकिशनबरोबर ऊस तोडायला गेल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, तशीच उचल मिळते, तसाच हिशेब. बारा सीझन त्यांचा कोयता पुरा होता. तेराव्याला राधाकिशनला कावीळ झाली. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, आठ दिवस पडून होता, मुकादम म्हणून गेलेला रामप्रसादच त्याला टेम्पोत घालून गावाकडं घेऊन निघाला, आणि बीडच्या अलीकडं तो गेला. मूल नव्हतंच.

"मग पुढच्या साली गेलात का?"

"गेले ना. अर्धा कोयता म्हनून. एकट्या बाईला अर्धा कोयता म्हनत्यात. मोळी कोन उचलून देनार? ज्याला त्याला आपली जोडी. कुनालाच नगं असतो अर्धा कोयता." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मग माघारीच राहिले. लेकरं सांभाळाया."

हे सांगताना त्यांच्या आवाजात कुठं चढउतार नव्हता. वाण्याकडची यादी वाचावी तसं.

आवाज थोडा वेगळा झाला तो दुसऱ्या दिवशी. आम्ही देव्हाऱ्याची फळी काढत होतो. त्या आपणहून म्हणाल्या, की औंदा त्यांचं घरकुल लागलंय. सहा वर्षं यादीत नाव होतं. राधाकिशनच्या वाटणीची जागा आहे गावात, रामप्रसादच्या भिंतीला लागून, त्या जागेवर. गेल्या महिन्यात ग्रामसेवक आला, त्यांना मोकळ्या जागेत मधोमध उभं केलं आणि मोबाईलवर फोटो काढला. नीट उभ्या राहा म्हणाला, म्हणून त्या नीट उभ्या राहिल्या. पहिला हप्ता दोन महिन्यांत येईल.

"एकच खोली व्हईल. पुरं," त्या म्हणाल्या. "चूल बाहीर घालीन. आन् तिकडल्या अंगाला खिडकी नगं."

"कुठल्या अंगाला?"

"दिराच्या."

मग कितीतरी वेळ त्या बोलत राहिल्या. पत्रे की स्लॅब, दाराचं तोंड कुठं, पावसाचं पाणी कुणीकडं काढायचं. इतकं एका दमात त्या बोलतात हे मला खरं वाटेना. माझ्या हातात खिळे होते, ते मी तसेच धरून ऐकत होते. आणि ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या मनात अडकली.

मी विचारलं, "हे घर तुमच्या नावावर होतंय, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"हां. सांगितलंय भाऊजींनी. नावालाच हाय म्हनले, सरकारात पैशे वाचत्यात."

"आणि मृत्युपत्र?"

"ते काय असतं?"

मी सांगितलं. तुमच्या माघारी घर पुतण्याला. त्या म्हणाल्या, जाऊ द्या की, पोरगा गुनाचा हाय. आणि फळी उचलायला वाकल्या.

परभणीला परत आल्यावर रात्रीचं जेवण झालं आणि मी यांना विचारलं, की ज्या बाईच्या नावावर पक्कं घर आहे तिला घरकुल मिळतं का. हे म्हणाले, मिळत नसावं. यांचे एक ओळखीचे पंचायत समितीत होते, त्यांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, नियमात बसत नाही, खरेदीखत झालं आणि कुणी तक्रार केली की नाव कटलं. तक्रार कोण करणार, असं यांनी विचारलं. तिकडून हसल्याचा आवाज आला. यादीत जो खाली असतो तो करतो म्हणाले.

मी म्हटलं, तिला सांगायला हवं. हे थोडा वेळ पेपर चाळत बसले. मग म्हणाले, "त्यांच्या घरातली गोष्ट आहे. तू मधे पडू नकोस." रागानं नाही म्हणाले. परभणीतल्या फ्लॅटचा करार आम्ही करून बसलो होतो, त्याची मुदत महिनाअखेर. सोनपेठची खरेदी लांबली तर तिकडचं अडणार. हे मलाही कळत होतं. दैवशालाबाईंकडं फोन नव्हता, शिवकन्येचा होता, त्यावर हे कसं सांगणार, असं मी स्वतःला समजावलं. दोन दिवस मी मधे पडले नाही.

तिसऱ्या दिवशी नोंदणी होती. निबंधकाच्या कचेरीबाहेर लोखंडी बाकांवर सगळे बसलेलो. रामप्रसादनं पांढरा शर्ट घातला होता आणि पेढ्यांचा मोठा पुडा मांडीवर होता. शिवकन्या जरीचं नेसून आलेली. घर आपल्या नावावर नाही हे तिनं पचवलं होतं, पण पूर्ण नाही. दैवशालाबाई बाकाच्या टोकाला बसू लागल्या तर म्हणाली, "मालकीनबाई, मधी बसा की. टोकाला आमच्यासारख्यांनी बसावं." साक्षीदार हसले. दैवशालाबाई खरंच मधे जाऊन बसल्या.

आमचं टोकन आलं. आत एका बाजूला निबंधक साहेब, दुसऱ्या बाजूला संगणकावर एक मुलगी. आधी यांचा फोटो, यांचा अंगठा. मग दैवशालाबाई. फोटो झाला. अंगठा मशीनवर ठेवला, तर लाल दिवा. पुन्हा ठेवला, लाल. उजवा, डावा, दाबून, हलका, सगळं करून झालं. त्या मुलीनं हात उलटा करून बघितला आणि म्हणाली, "रेषाच नाहीत हो मावशी."

चौदा सीझन कोयता धरलेला हात. पुढं आठ वर्षं सरपण, शेण, भांडी. तळव्याला बोट लावलं तर पायाच्या टाचेला लावल्यासारखं लागायचं, हे मला त्या दोन दिवसांत कळलं होतं.

साबणानं धुऊन आणा, थोडा वेळ ओले ठेवा, कधीकधी घेतं, असं मुलगी म्हणाली. मी उठले. दैवशालाबाईंना घेऊन मागच्या नळावर गेले. साबणाची वडी झिजून पातळ झालेली. मी त्यांचा अंगठा धरून चोळत होते, त्या चोळू देत होत्या. आजूबाजूला कुणी नव्हतं.

मी सांगितलं. या घराची नोंद तुमच्या नावावर झाली की घरकुल जाईल. तुमचं नाव यादीतून काढतील. मी विचारून घेतलंय.

पाणी चालू होतं. त्यांनी हात काढून घेतला नाही.

"ह्ये केलं की त्ये जानार?"

"हो."

"आन् न्हाई केलं तर?"

मी म्हटलं, मग ते राहील. पण घरातले काय म्हणतील ते मला सांगता येणार नाही.

"ते मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. नळ त्यांनीच बंद केला. मग पदराला हात न पुसता, तसेच ओले धरून त्या पुढं चालू लागल्या. मी मागून. मला वाटलं, आता आत जाऊन नाही म्हणतील आणि सगळं मोडेल. यांना काय सांगायचं त्याचे शब्द मी जुळवायला लागले.

त्यांनी खुर्चीवर बसून डावा अंगठा मशीनवर ठेवला. हिरवा दिवा लागला. साहेबांनी विचारलं, खरेदी मान्य आहे का. त्या म्हणाल्या, हाय. साक्षीदारांच्या सह्या झाल्या, शिक्के पडले. रामप्रसाद पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडू लागला.

दिनकररावांनी दुसरा कागद पुढं सरकवला. मृत्युपत्र.

साहेब तरुण होते, सकाळपासूनचे कागद बघून कंटाळलेले. तरी त्यांनी विचारायचं ते विचारलं. बाई, तुमच्या माघारी हे घर पुतण्याला द्यायचं असं यात लिहिलंय, तुम्ही हे तुमच्या मर्जीनं करताय ना?

दैवशालाबाई कागदाकडं बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मग त्या म्हणाल्या,

"आज नगं."

खोलीत पंख्याचा आवाज होता तो आधीपासूनच होता, पण मला तेव्हा ऐकू आला. दिनकरराव म्हणाले, अहो बाई, एक अंगठा द्यायचा, दोन मिनिटांचं काम. त्या हलल्या नाहीत. रामप्रसाद खुर्चीच्या मागं येऊन उभा राहिला, वाकून हळू म्हणाला,

"वयनी, ठरलं हाय ना आपलं."

"ठरलं व्हतं," त्या म्हणाल्या. "माझं घरकुल बी ठरलं व्हतं."

"त्याचं काय हितं?"

"त्ये कटतंय म्हनं. ह्याच्यानं."

रामप्रसादनं दिनकररावांकडं बघितलं. दिनकरराव कागद गोळा करायला लागले. घरकुलाचं रामप्रसादला आधी माहीत होतं की नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला समजलं नाही, आजही मी सांगू शकत नाही. साहेबांनी थोडी वाट बघितली आणि म्हणाले, बाईंची मर्जी नसेल तर मी घेऊ शकत नाही. पुढचं टोकन.

एवढंच झालं. कुणी भांडलं नाही. बाहेर आल्यावर रामप्रसादनं पेढे वाटले. साक्षीदारांना, दिनकररावांना, आम्हाला, आणि दैवशालाबाईंनाही. त्यांनी पेढा घेतला आणि हातात धरून ठेवला. शिवकन्या रस्त्याकडं तोंड करून उभी होती. घराच्या किल्ल्या यांनी रामप्रसादच्या हातात दिल्या, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही ते गाडीत बसल्यावरच वाटलं.

त्या जीपमध्ये चढण्याआधी मी दैवशालाबाईंच्या जवळ गेले. त्याच म्हणाल्या,

"मी काई केलं न्हाई ताई. अंगठा द्या म्हनले, दिला. दुसरा न्हाई दिला."

तीन महिन्यांनी घरकुल गेलं. कुणीतरी खरेदीखताची नक्कल जोडून अर्ज केला होता. ग्रामसभेत नाव वाचून दाखवलं आणि कंसात अपात्र म्हटलं. हे मला सोनपेठच्या एका ओळखीच्या बाईंकडून कळलं. त्या जागेवर आता रामप्रसादच्या भावकीतला कुणी ट्रॉली उभी करतो म्हणे.

एप्रिलात पुन्हा सोनपेठला जावं लागलं. घरपट्टीवर अजून माझ्या सासऱ्यांचंच नाव होतं, ते काढून नवं चढवायचं तर यांची सही हवी होती. उन्हाची वेळ. आम्ही आधी घरी गेलो. आमच्याच फाटकातून आत गेले, ते मला नव्यानं उघडायला लागलं, कारण त्यांनी कडी खालून वर नेली होती. भिंतींना पोपटी रंग. जिन्यावर नवी टाकी. अंगणात ट्रॅक्टर.

रामप्रसाद व्हरांड्यात खुर्च्या मांडून बसला होता. मी सवयीनं बैठकीकडं वळले तर तो म्हणाला, "हितंच बसू मॅडम. आत वयनीचं असतंय." पाणी आलं, चहा आला. शिवकन्येनं विचारपूस केली, पण तुटक. मग रामप्रसादनं खुर्ची जरा जवळ ओढली. म्हणाला, मला खरंच ध्यानात न्हाई आलं मॅडम घरकुलाचं. आलं असतं तर दुसरं काई केलं असतं. मी मान हलवली. मग तो मुद्द्यावर आला. सहा महिने झाले, तो कागद राहिलाय. चार वेळा म्हणून बघितलं, वयनी हो म्हनत न्हाईत, न्हाई बी म्हनत न्हाईत.

"तुमचं ऐकत्यात त्या. तुमी सांगून बघा."

मी उठून बैठकीत गेले. पंखा चालू होता. एका कोपऱ्यात गाठोडं, दोरीवर दोन लुगडी, खाली सुपात तूर. दैवशालाबाई खडे वेचत बसल्या होत्या. मला बघून सूप बाजूला सारलं आणि पोतं टाकलं बसायला. जरा भरल्यासारख्या वाटल्या अंगानं, किंवा मला तसं वाटलं.

ही खोली कशी मिळाली, मी विचारलं. त्यांना जिन्याखालची खोली देणार होते, हे मला शिवकन्येनं पहिल्या दिवशीच सांगितलेलं.

"मिळाली न्हाई. सामान आलं त्या दिशी गठुडं हितं ठिवलं. कुनी उचललं न्हाई."

"करमतं?"

"करमायचं काय त्यात." त्यांनी सूप परत पुढं ओढलं. "दुपारी कडी लावून निजते. कुनी वाजवत न्हाई."

मी रामप्रसादचं सांगितलं. तो कागदाचं म्हणतोय. त्या म्हणाल्या, म्हनू द्या. मी विचारलं, करणार आहात का कधी? त्यांनी तुरीतला एक खडा उचलून दाराबाहेर टाकला.

"करीन की. पोरगा गुनाचाच हाय. पन आज केला तर उद्या मला जिन्याखाली धाडत्याल." हे त्यांनी कुणाची तक्रार केल्यासारखं सांगितलं नाही. "कागूद न्हाई तवर वयनी, तुमी जेवलाव का, इचारत्यात. झाल्यावर कोन इचारतंय?"

"आणि तुम्हाला काही झालं तर? कागद राहून जाईल."

"जाईल," त्या म्हणाल्या. "त्याला मी काय करू."

रामप्रसादच्या दोघी बहिणी, शिवकन्येचं तोंड, तो गुणाचा मुलगा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि तरी त्यातलं काही मला त्यांच्यापुढं मांडावंसं वाटलं नाही. मीही तुरीतले खडे वेचू लागले.

बाहेर आल्यावर रामप्रसादनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, त्या विचार करतायत. तो बरं म्हणाला. त्याला कळलं असावं.

मग सगळे मिळून नगरपंचायतीत गेलो. यांनी सही केली. दैवशालाबाईंचा अंगठा घ्यायचा होता, तिथं मशीन नव्हतं, शाईचा पॅड होता. कागदावर एक निळा गोल उमटला. कारकुनानं जुन्या नावावर आडवी रेघ ओढली, खाली नवं नाव लिहिलं आणि या वर्षीची घरपट्टी सांगितली, अठराशे चाळीस. रामप्रसादनं खिशात हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," दैवशालाबाई म्हणाल्या.

"मी भरतो ना वयनी. तुमी कुठून आननार?"

"दोन शेळ्या हायत माझ्या. एकीला पाठ झालीया, ती इकते." त्यांनी कारकुनाला विचारलं, शेवटची तारीख कधीची. त्यानं सांगितली. मग त्या रामप्रसादला म्हणाल्या, "पावतीवर माझं नाव येतंय. पावती मीच आनीन."

रामप्रसादनं हात खिशातून काढला. कारकून पुढच्या माणसाला या म्हणाला, आम्ही बाजूला झालो. साडेतीनची परभणी गाडी लागायची होती, म्हणून हे घाई करत होते. मी वळून बघितलं तेव्हा दैवशालाबाई भिंतीवरच्या चुन्याला अंगठा पुसत उभ्या होत्या. शाई निघत नव्हती.